भाड्याच्या घरात इलेक्ट्रिक गाडी चार्ज करायची तर

गाडी बुक करण्याआधी पार्किंगमध्ये जाऊन तुमचं मीटर कुठे आहे ते बघा. बहुतेक अपार्टमेंटमध्ये मीटर तळमजल्यावरच असतात, तिथून आपल्या जागेपर्यंत पंधरा-वीस मीटर वायर ओढली की काम होतं. पार्किंग करारात लिहून दिलेलं नसेल, 'जागा मिळेल तिथे लावा' असं असेल, तर आधी तो प्रश्न सोडवा.

मग घरमालक. त्यांना आगीची आणि बिलाची भीती असते, म्हणून बोलणं तिथूनच सुरू करावं. "काका, वायरिंगचा खर्च माझा, वीज माझ्याच मीटरवरून, काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून," एवढं म्हटलं की निम्मा विरोध मावळतो. सोसायटीला अर्ज मात्र त्यांच्या सहीने द्या. सभासद ते आहेत, आपण नाही. घरच्या चालू कनेक्शनवर गाडी चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिली आहे, तेही अर्जात लिहा.

मोठ्या वॉलबॉक्सच्या, म्हणजे भिंतीवर कायमच्या बसवायच्या चार्जरच्या, मागे लागू नका. अकरा महिन्यांच्या करारासाठी भिंतीवर 7.2 किलोवॉटचा डबा कशाला? गाडीसोबत मिळणारा 15 अँपिअरचा चार्जर तासाला साधारण तीन युनिट देतो. 30 युनिटची बॅटरी वीस टक्क्यांवरून नव्वदवर न्यायला एकवीस युनिट, म्हणजे सात तास. रात्री दहाला लावा, पहाटे पाचला तयार.

खरी काळजी वायरिंगची. मीटरनंतर स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचं गळती-संरक्षण (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच), 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि शेवटी 16 अँपिअरचा चांगला सॉकेट, पावसाचं पाणी उडणार नाही अशा जागी. मीटरच्या सीलला इलेक्ट्रिशियनने हात लावायचा नाही. अर्थिंग त्याला तुमच्यासमोर मोजायला लावा: न्यूट्रल आणि अर्थमध्ये जवळपास शून्य, फार तर दोन-तीन व्होल्ट दिसायला हवेत. आमच्या जुन्या इमारतीत चार्जर लावला की लाल दिवा लागायचा. आठवडाभर गाडीला दोष दिला. शेवटी कळलं की सॉकेटमध्ये अर्थची वायरच जोडलेली नव्हती, हिरवं टोक आत गुंडाळून ठेवलं होतं!

पहिल्या रात्री अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल. चटका बसला किंवा सॉकेटभोवती तपकिरी डाग दिसला तर ताबडतोब बंद करा. खिडकीतून सोडलेला एक्स्टेन्शन बोर्ड एका रात्रीपुरताही नको.

बिलावरचा मंजूर भारही, म्हणजे कनेक्शनवर एका वेळी किती किलोवॉट वापरता येतात तेही, तपासा. गाडीचे तीन किलोवॉट, वर एसी आणि गीझर. भार कमी असेल तर वाढवायचा अर्ज ग्राहक म्हणून घरमालकालाच करावा लागतो. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्या छोट्या गाडीला दीडशेच्या आसपास युनिट लागतात. घरचे 180 असतील तर बेरीज 330, आणि महावितरणच्या 300 पुढच्या युनिटना वरचा, म्हणजे महागड्या दराचा स्लॅब लागतो. त्यामुळे धावणं जास्त असेल तर गाडीसाठी वेगळ्या मीटरचा हिशेब करून बघा. 2024 पासून ग्राहकाला तसं स्वतंत्र कनेक्शन मागता येतं. मीटर घरमालकाशी सामायिक असेल तर गाडीच्या लाइनवर सबमीटर बसवा आणि दर एक तारखेला रीडिंगचा फोटो त्यांना पाठवा.

हे सगळं भाडेकरारात चार ओळींत घाला: खर्च कोणाचा, घर सोडताना एमसीबी आणि सॉकेट कोण नेणार, भिंतीची भोकं कोण बुजवणार. वायर मी काढत नाही. पाइपातून ओढून काढताना ती हमखास सोलवटते, आणि पुढच्या भाडेकरूकडेही गाडी असू शकते.