ओपन सोर्स मेंटेनर भावांनो, इश्यूला रिप्लाय देताना या चुका टाळा

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका पोरानं जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणायचं छोटं टूल गिटहबवर (कोड सगळ्यांसाठी खुला ठेवायची साइट) टाकलं, म्हणजे तोच त्याचा मेंटेनर, सांभाळणारा. छापखानेवाले वापरायला लागले आणि इश्यू, म्हणजे तिथंच नोंदवलेल्या तक्रारी-मागण्या, सुरू झाल्या, हा फॉन्ट पण घ्या, मोबाईलवर चालेल असं करा, पीडीएफ डायरेक्ट उचलू दे. ह्याचा सगळ्यांना एकच रिप्लाय, "बघतो की". झालं, समोरचा आशेवर बसतो, महिन्यानं परत विचारतो, आणि यादी वाढत जाते.

माझ्या मते ही सगळ्यात महागातली चूक. आपल्याकडं तोंडावर नाही म्हणणं उद्धट वाटतं, पण इथं नुसतं लटकवून ठेवणंच जास्त वाईट, कारण छापखानेवाल्याला दुसरा मार्ग शोधायचा असतो आणि तो तुमच्यासाठी थांबलेला असतो. सरळ लिहा: "हा फॉन्ट सध्या घेणार नाही, फॉन्टागणिक मॅपिंग (जुन्या फॉन्टमधलं कुठलं चिन्ह म्हणजे युनिकोडमधलं कुठलं अक्षर) वेगळं असतं आणि तपासायला माझ्याकडं तो फॉन्टच नाही. तुमच्याकडं मॅपिंगची फाईल असेल तर द्या, मग बघू काय जमतंय." आणि इश्यू "नॉट प्लॅन्ड" म्हणून बंद करा, तो ऑप्शन त्यासाठीच दिलाय. नंतर कुणी मॅपिंग आणून दिलं तर परत उघडता येतोय की. तारीख मात्र देऊ नका, "दिवाळीपर्यंत होईल" म्हणालात की दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मेसेज आलाच समजा.

"पीआर पाठवा", म्हणजे कोडमधला बदल तुम्हीच करून पाठवा, हे पण बघून बोला. डीटीपी करणाऱ्या काकांना पीआर म्हणजे काय ते माहीत नाही, त्यांना ते हाकलल्यासारखंच वाटणार. आणि ज्याला माहीत आहे त्यानं सुट्टीचा दिवस घालवून कोड पाठवला आणि मग तुम्ही म्हणालात "हे प्रोजेक्टच्या स्कोपमध्ये बसत नाही", तर तो माणूस परत येत नाही. घेणार असाल तरच मागा.

"माझ्याकडं चालतंय" म्हणून बंद करणारे लय आहेत. व्हर्जन कुठलं, विंडोज का लिनक्स, बिघडलेल्या मजकुराच्या चार ओळी, एवढं मागा. रोज तेच टाईप करायचा कंटाळा येत असेल तर इश्यू टेम्प्लेट (इश्यू टाकताना भरायचा तयार नमुना) करा, सेव्ह्ड रिप्लाय (आधीच लिहून ठेवलेलं उत्तर) ठेवा. स्टेल बॉट (बरेच दिवस हालचाल नसलेले इश्यू आपोआप बंद करणारा) लावायचा असेल तर कन्फर्म झालेले बग त्यातून वगळा, वर्षभर कुणी बोललं नाही म्हणून बग बरा होत नसतो.

आता रागाचं. लिनक्स बनवणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सनं सुद्धा 2018 मध्ये आपल्या बोलण्याबद्दल जाहीर माफी मागून काही काळ सुट्टी घेतली होती, तेव्हा आपण कोण. कोडला नावं ठेवा, माणसाला नको, आणि डोकं तापलं असेल तर सकाळी लिहा.

पण याची उलटी चूक जास्त धोक्याची, ती म्हणजे दबावाला बळी पडणं. एक्सझेड युटिल्समध्ये (लिनक्सवर फाईली कॉम्प्रेस करायचं ओपन सोर्स टूल) काय झालं आठवा. 2022 मध्ये काही अकाउंट मेंटेनरच्या मागं लागली, काम हळू चाललंय, दुसऱ्याला घ्या म्हणून, आणि तो बिचारा फुकटात, तब्येत सांभाळत काम करत होता. मग ज्याला मेंटेनरचे हक्क मिळाले त्याच्याच हातून 2024 ला 5.6.0 आणि 5.6.1 या व्हर्जनमध्ये बॅकडोअर, म्हणजे आत शिरायचा चोरदरवाजा, शिरलं, ते आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला सापडलं एसएसएच लॉगिन (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) अर्ध्या सेकंदानं स्लो वाटलं म्हणून. त्यामुळं घाई करणाऱ्याला "हे मी फावल्या वेळात करतो, झेपेल तसं होईल" एवढंच सांगा, आणि त्याबद्दल सॉरी म्हणत बसू नका. बऱ्याच ओपन सोर्स प्रोजेक्टना असलेल्या एमआयटी लायसन्समध्येच लिहिलेलं असतं, आहे तसं घ्या, वॉरंटी नाही.

सिक्युरिटीचा प्रॉब्लेम कुणी उघड्या इश्यूत टाकला तर तिथं चर्चा वाढवू नका, प्रायव्हेट रिपोर्टिंग (फक्त तुम्हालाच दिसेल असं कळवायची सोय) चालू ठेवा आणि कुठं कळवायचं ते रीडमीतच (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाईलीत) लिहा.

इश्यूखालची चर्चा, म्हणजे थ्रेड, फारच पेटला तर लॉक करा, म्हणजे त्यावर लिहिणं बंद करा. पण का केला ते एका ओळीत लिहून मगच, नाहीतर तोच गडी नवीन इश्यू उघडून तिथं सुरू होतो.