सर्व्हरवर लिनक्स टाकताना डिस्क नेमकी कशी ओळखावी?

सर्व्हरवर लिनक्स इन्स्टॉल करताना सगळ्यात महागात पडते ती '/डेव्ह/एसडीए'ची, म्हणजे लिनक्समध्ये डिस्कला मिळणाऱ्या नावाची चूक. ऑटोमॅटिक इन्स्टॉलेशनच्या फाइलमध्ये आपण हे नाव लिहून मोकळे होतो. पुढच्या मशीनवर त्याच नावाखाली डेटाची डिस्क आली, तर इन्स्टॉलर न विचारता ती पुसतो.

एसडीए, एसडीबी ही नावं मुळात डिस्कची नाहीतच. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) डिस्क ज्या क्रमाने सापडल्या, तो हा क्रम. नव्या कर्नलमध्ये हा शोध समांतर चालतो, त्यामुळे एकाच मशीनवर दोन रिबूटमध्येही क्रम बदलू शकतो. इन्स्टॉलरचा पेनड्राइव्हसुद्धा एसडीए होऊन बसू शकतो.

म्हणून सुरुवात कागदावर करा. डिस्क बसवण्याआधी लेबलवरचा सिरियल नंबर टिपून घ्या, आणि ती कोणत्या बेमध्ये (डिस्कच्या खाचेत) गेली तेही.

मग सर्व्हर रेस्क्यू मोडमध्ये (इन्स्टॉल न करता, दुरुस्तीसाठी) चालू करून '/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी' या फोल्डरची यादी काढा. (कमांड आणि पाथ अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे.) यूडेव्हने (डिव्हाइसना नावं देणाऱ्या लिनक्सच्या सेवेने) तिथे प्रत्येक डिस्कसाठी लिंक केलेल्या असतात. एकाच डिस्कला दोन-तीन नावं दिसतील: एकात मॉडेल आणि सिरियल नंबर, दुसरं 'डब्ल्यूडब्ल्यूएन'ने (डिस्कला कारखान्यातच मिळालेल्या जागतिक क्रमांकाने) सुरू होणारं. दोन्ही टिकाऊ आहेत. मी सिरियलवालं घेतो, कारण रॅकपाशी उभा असलेला माणूस ते लेबलशी ताडून पाहू शकतो. शेवटी 'पार्ट१' असलेली नावं पार्टिशनची, ती इथे नकोत.

शेजारचा 'बाय-पाथ' फोल्डर डिस्क नव्हे, जागा ओळखतो. एकसारखे पन्नास सर्व्हर असतील आणि ओएसची डिस्क कायम त्याच बेमध्ये असेल, तर तोच सोयीचा. मात्र कंट्रोलर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये गेलं की हे नावही बदलतं. 'बाय-यूयूआयडी' इथे उपयोगाचा नाही. फाइलसिस्टमचा यूयूआयडी (तिचा एकमेव ओळख क्रमांक) फॉरमॅट केल्यावर जन्माला येतो, आणि डिस्क क्लोन केली तर दोघींचा एकच होतो.

किकस्टार्टमध्ये (रेड हॅटच्या ऑटोमॅटिक इन्स्टॉलेशनच्या फाइलमध्ये) 'इग्नोरडिस्क'च्या 'ओन्ली-यूज' पर्यायात हे बाय-आयडी नाव द्या. ही ओळ चुकवू नका. ती नसताना 'क्लिअरपार्ट'ला 'ऑल' सांगितलं, तर तो दिसेल त्या डिस्कवरची पार्टिशन उडवतो. डेबियनच्या तशाच फाइलमध्ये, म्हणजे प्रीसीडमध्ये, 'पार्टमन-ऑटो/डिस्क' आणि ग्रबची (बूट लोडरची) बूट डिस्क, दोन्हीकडे तेच नाव लिहा. उबुंटूच्या ऑटोइन्स्टॉलमध्ये 'मॅच'खाली सिरियल देता येतो.

हार्डवेअर रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणारं कंट्रोलर कार्ड) असेल तर ओएसला फक्त व्हर्च्युअल डिस्क दिसते, तेव्हा तिचाच आयडी घ्या. केव्हीएम या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीतल्या व्हर्टआयओ डिस्कला सिरियल आपणच द्यावा लागतो, नाहीतर बाय-आयडीमध्ये ती दिसणारच नाही.

फाइल पहिल्यांदा चालवताना डेटाच्या डिस्क बेमधून बाहेर ओढून ठेवा. इन्स्टॉलेशन झालं की एफएसटॅब (बूट होताना काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) उघडून पाहा. तिथे यूयूआयडी हवेत. कुठे एसडीए दिसलं तर ते बदला आणि मगच, मशीन बंद करून, डेटाच्या डिस्क परत आत ढकला.