मँडरिन शिकायला चीनला: व्हिसा मिळाला, पुढे काय?

चीनच्या विद्यार्थी व्हिसाबद्दल विचारणारे बहुतेक जण पासपोर्टवर व्हिसा चिकटेपर्यंतचंच विचारतात. खरी गोची होते ती तिथे उतरल्यावर. पण आधी इथलं बघू.

शिक्षण १८० दिवसांपर्यंत असेल तर एक्स२ व्हिसा, त्याहून जास्त असेल तर एक्स१. भाषेचं एक सत्र साधारण चार-साडेचार महिन्यांचं असतं, त्यामुळे एकाच सत्रासाठी एक्स२ पुरतो आणि एक्स१वर लागणाऱ्या निवास परवान्याची भानगड टळते. मात्र ‘आधी एक सत्र बघू, आवडलं तर वर्ष करू’ असा बेत असेल तर विद्यापीठाकडे सुरुवातीलाच वर्षभराचा प्रवेश मागा. एक्स२वर गेल्यावर मुक्काम वाढवून मिळेलच याची खात्री नसते.

एक्स१साठी प्रवेशपत्राबरोबर जेडब्ल्यू फॉर्म, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठीचा चीनचा सरकारी फॉर्म, लागतो. चीन सरकारची शिष्यवृत्ती असेल तर जेडब्ल्यू २०१, स्वखर्चाने जात असाल तर जेडब्ल्यू २०२. दोन्ही विद्यापीठच पाठवतं. एक्स२ला प्रवेशपत्र पुरतं. महाराष्ट्रातल्या रहिवाशांचा अर्ज मुंबईतून जातो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी आणि त्यात कोरी पानं हवीत. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, ३३ बाय ४८ मिलिमीटर. स्टुडिओवाला सवयीने ३५ बाय ४५चा काढून देतो, त्याला आधीच सांगा.

मराठी माणसाचं हमखास अडतं ते नावावर. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं. विद्यापीठाचा ऑनलाइन अर्ज भरताना आपण ते गाळतो आणि मग जेडब्ल्यू फॉर्मवर वेगळंच नाव छापून येतं. प्रवेशाचा अर्ज भरतानाच पासपोर्टवर आहे तसं, अक्षर न् अक्षर तेच नाव लिहा. नंतर दुरुस्त करायचं म्हणजे विद्यापीठाकडून नवा फॉर्म, आणि त्यात आठवडे जातात.

वैद्यकीय तपासणीचा ठरावीक फॉर्म असतो. छातीचा एक्स-रे, ईसीजी, एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी त्यात येते. फोटोवर रुग्णालयाचा शिक्का हवा, अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर. तो नसेल तर फॉर्म बाद. अहवाल सहा महिनेच चालतो, म्हणून फार आधी तपासणी करून ठेवू नका. एक्स-रेची फिल्म आणि मूळ अहवाल सोबत न्या. चीनमधल्या आरोग्य तपासणी केंद्राने ते मान्य केले नाहीत तर तपासणी पुन्हा करावी लागते, आणि तिचा खर्च आपल्याच खिशातून.

व्हिसा हातात आला की त्यावरचा मुक्कामाच्या दिवसांचा रकाना बघा. एक्स१वर तिथे ‘०००’ असतं. शून्य दिवस बघून घाबरू नका. याचा अर्थ हा व्हिसा फक्त आत शिरण्यापुरता, आणि पोहोचल्यापासून ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा. मूळ प्रवेशपत्र आणि जेडब्ल्यू फॉर्म तेव्हा पुन्हा लागतात, म्हणून ते हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

उतरल्यावर पहिलं काम म्हणजे २४ तासांच्या आत राहण्याच्या पत्त्याची पोलिसांकडे नोंदणी. हॉटेलात राहिलात तर नोंदणी हॉटेलवाले करतात. मित्राकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहिलात तर जवळच्या ‘पाइछूसुओ’त, म्हणजे पोलीस चौकीत, ती करून घ्यावी लागते. चुकलात तर २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. पत्ता बदलला की नोंदणी पुन्हा करायची.

मग विद्यापीठातली नोंदणी, आरोग्य अहवालाची पडताळणी आणि त्यानंतर पोलिसांच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज. वर्षभरापर्यंतच्या परवान्याचं शुल्क ४०० युआन. निर्णयाला १५ दिवसांपर्यंत लागू शकतात. तोवर पासपोर्ट त्यांच्याकडे आणि हातात फक्त पावती, त्यामुळे त्या काळात देशाबाहेर जाता येत नाही. शरद सत्र सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होतं आणि १ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय दिनाची मोठी सुट्टी. ३० दिवस नेमके तिथेच संपत येतात! अर्ज पहिल्या दहा दिवसांत टाका. मुदत उलटली तर दिवसाला ५०० युआन, कमाल १०,००० युआन दंड, आणि प्रकरण वाढलं तर कोठडीही होऊ शकते.

परवाना मिळण्याआधी हाँगकाँगची सहल मात्र चुकूनही आखू नका. एक्स१वर एकदाच प्रवेश मिळतो आणि हाँगकाँगला जाणं म्हणजे सीमा ओलांडणंच. परत यायला नवा व्हिसा काढावा लागेल. परवाना हातात आला की मुदतीत कितीही वेळा ये-जा करता येते.

फावल्या वेळात इंग्रजीची शिकवणी घ्यायचा मोह होतो आणि मागणीही असते. विद्यापीठ आणि पोलीस दोघांची रीतसर परवानगी असल्याशिवाय पैसे घेऊन काम करणं बेकायदा आहे. पासपोर्ट नवा काढलात किंवा परवान्यावरची दुसरी काही माहिती बदलली, तर दहा दिवसांच्या आत पोलिसांकडे जाऊन बदल करून घ्यावा लागतो. म्हणून मुदत संपत आलेला पासपोर्ट निघण्यापूर्वी इथेच नवा करून घेतलेला बरा.