बाईकच्या मीटरला कॅलिब्रेटर लावताय? या चुका टाळा

मीटर ८८ दाखवतो आणि जीपीएस ८० म्हणतो, एवढ्यावरून कॅलिब्रेटर मागवणारे खूप जण असतात. स्पीडोहीलरसारखी ही छोटी डबी काम चोख करते. वेग मोजणाऱ्या सेन्सरकडून येणारे विजेचे ठोके (पल्स) मोजते, तुम्ही दिलेल्या टक्क्यांनी ते कमी-जास्त करते आणि पुढे मीटरला पाठवते. पण फरक कुठून आला हे तिला कळत नाही. ते तुम्हालाच आधी शोधावं लागतं, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: फक्त वेग बघणं, किलोमीटर न बघणं

नवी कोरी बाईकसुद्धा खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग दाखवते, आणि ते मुद्दाम ठेवलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्रमांक ३९ नुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचंच नाही. जास्त दाखवायला मात्र मान्यता चाचणीत खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किमी इतकी सूट आहे. म्हणजे खरा वेग ८० असताना काटा ९२ वर असला तरी तो नियमात बसतो. कंपन्या ही वाढ बहुधा मीटरच्या आतल्या हिशेबात घालतात. एकूण किलोमीटर मोजणारा ओडोमीटर त्याच ठोक्यांवर चालतो, पण त्याला ही वाढ लावलेली नसते. त्यामुळे वेग १० टक्के फुगलेला आणि किलोमीटर जवळपास बरोबर, असं चित्र अगदी नेहमीचं आहे.

आता कॅलिब्रेटर ठोकेच कमी करतो. वेग बरोबर येतो, पण आतापर्यंत बरोबर असलेले किलोमीटर तेवढेच घटतात. ९.१ टक्के घट लावली, तर गाडी खरोखर ३३०० किमी चालल्यावर ओडोमीटर ३००० दाखवेल. ऑइल बदलायला ३०० किमी उशीर होईल आणि गाडी विकताना आकडा खोटा ठरेल.

म्हणून आधी ओडोमीटर तपासा. राष्ट्रीय महामार्गावरचे किलोमीटरचे दगड धरून निदान २० किमी, जमलं तर ५० किमी जा आणि ट्रिप मीटरशी ताडून बघा. सोबत जीपीएसवरही अंतर नोंदवा, कारण रुंदीकरण किंवा बायपास झालेल्या पट्ट्यात दगड जागचे हललेले असतात. यातून दोन चित्रं निघतात.

किलोमीटर बरोबर आणि फक्त वेग जास्त असेल, तर ती कंपनीची ठेवलेली वाढ आहे. आमचं स्पष्ट मत, अशा गाडीला कॅलिब्रेटर लावू नका. ६० ला किती आणि ८० ला किती जास्त दाखवतो हे लक्षात ठेवा, पुरे.

किलोमीटरही वेगाइतकेच चुकत असतील, तर बदल गाडीत झाला आहे. स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र) बदललं, टायरचा आकार बदलला किंवा दुसऱ्या मॉडेलचं चाक बसवलं. कॅलिब्रेटर याच कामासाठी आहे. वेग आणि किलोमीटर दोन्ही एकदम जागेवर येतात.

दोन्ही चुकतात पण वेग जास्त चुकतो, असं असेल तर दुरुस्ती किलोमीटरच्या चुकीइतकीच करा. वेगातली उरलेली वाढ कंपनीची आहे, ती राहू द्या.

सेन्सर कुठे आहे हे न बघता डबी मागवणं

मागचं चाक पॅडॉक स्टँडवर उचला, इंजिन चालू करून पहिला गिअर टाका आणि क्लच हळूच सोडा. हात, कपडे, फडकं चेनपासून लांब ठेवा. मीटर हलला तर सेन्सर गिअरबॉक्सवर किंवा मागच्या चाकावर आहे. शून्यावरच राहिला तर वेग पुढच्या चाकावरून घेतला जातो. अशा गाडीत स्प्रॉकेट कितीही बदला, मीटरला फरक पडत नाही. एबीएसच्या गाडीत या तपासणीत एबीएसचा दिवा लागू शकतो. तो सहसा चावी बंद-चालू करून थोडं चालवल्यावर जातो.

सेन्सरला तीन वायरी असतील (पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नल), तर सर्वसाधारण कॅलिब्रेटर चालतो. दोन वायरींचा एबीएस चाक-सेन्सर असेल तर त्याला हात लावू नका. ती वायर ब्रेकसाठी आहे, तिच्यातले ठोके बदलणं म्हणजे ब्रेकच्या मेंदूला चुकीची माहिती देणं. ज्या गाड्यांत एबीएसच्या युनिटमधून वेग कॅन लाइनवरून (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या सामाईक वायरींवरून) मीटरला जातो, त्यांना त्या मॉडेलसाठीच बनवलेलं उपकरण लागतं. आणि जुन्या केबलवाल्या मीटरला इलेक्ट्रॉनिक कॅलिब्रेटर लागूच होत नाही. तिथे चाकाजवळचा मीटर गिअर योग्य दातांचा आहे का ते बघा.

घाईत घेतलेलं माप

एकाच वेगावर एकदा बघून टक्केवारी काढू नका. सरळ, सपाट, मोकळ्या आकाशाचा रस्ता निवडा. घाटात, झाडीत आणि पुलांखाली जीपीएस मागे पडतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा तो पर्याय नाही. टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरा. ४०, ६० आणि ८० वर प्रत्येकी दहा-पंधरा सेकंद वेग स्थिर ठेवा आणि जीपीएसचा आकडा मागे बसलेल्याला वाचू द्या. जाताना आणि येताना दोन्हीकडे माप घ्या.

मग आकडे शेजारी मांडा. खऱ्या ४०, ६०, ८० ला मीटर ४४, ६६, ८८ दाखवत असेल, तर चूक प्रमाणात आहे आणि ती टक्क्यांनी दुरुस्त होते. ४४, ६४, ८४ दाखवत असेल, तर सगळीकडे सारखेच ४ किमी जास्त आहेत. ही मीटरमध्येच घातलेली वाढ, आणि कॅलिब्रेटरने ती सगळ्या वेगांवर कधीच जुळत नाही. ८० ला जुळवाल तर ४० ला मीटर अजूनही जास्त दाखवेल.

हिशेबात भागाकार उलटा करणं

मीटर ८८, खरा वेग ८०. फरक ८, म्हणून १० टक्के कमी करायचे? नाही. दुरुस्ती मीटरच्या आकड्यावर होते, म्हणून ८० भागिले ८८ म्हणजे ०.९०९, अर्थात उणे ९.१ टक्के. १० टक्के लावले तर ८० ला मीटर ७९.२ दाखवेल, म्हणजे खऱ्यापेक्षा कमी. वेगमर्यादेच्या कॅमेऱ्यासमोर तुम्हाला हेच नको असतं. वेग तंतोतंत जुळवण्याऐवजी मीटर खऱ्यापेक्षा दोन-तीन टक्के जास्तच राहू द्या.

स्प्रॉकेटचा हिशेब रस्त्यावर न जाता करता येतो. नवे पुढचे दात गुणिले जुने मागचे दात, त्याला जुने पुढचे गुणिले नवे मागचे यांनी भागा. १४/४२ (पुढे १४, मागे ४२ दात) वरून १३/४२ केलं तर १३ भागिले १४, म्हणजे ०.९२९, उणे ७.१ टक्के. पुढे १४ च ठेवून मागे ४२ चं ४४ केलं तर उणे ४.५. हे सूत्र गिअरबॉक्सवर सेन्सर असलेल्या गाडीसाठीच.

टायरही बदललाय? मग टक्के बेरजेत घेऊ नका, गुणोत्तरं गुणा. १४०/७०-१७ चा व्यास हिशेबाने ६२७.८ मिमी, १५०/६०-१७ चा ६११.८. गुणोत्तर ०.९७५. वरच्या १३ दातांसोबत ०.९२९ गुणिले ०.९७५ म्हणजे ०.९०६, उणे ९.४ टक्के. प्रत्यक्षात टायर वजनाने दबतो, म्हणून खात्रीसाठी टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडीवर बसून तीन फेरे सरळ ढकलत न्या आणि अंतराला तीनने भागा. जुन्या टायरचं असं माप बदलण्याआधीच घेऊन ठेवलं तर उत्तम. टायर झिजतानाही व्यास साधारण एक-दीड टक्का कमी होतो, त्यामुळे दशांशाच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

वायरिंग: रंगावर विसंबणं

वायरीचे रंग मॉडेलप्रमाणे बदलतात. मल्टीमीटर घ्या, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, चावी चालू. कप्लरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मोजा, वायरीचं आवरण भोसकू नका. पावसाळ्यात पाणी त्याच भोकातून आत जातं. एका वायरवर कायम ५ किंवा १२ व्होल्ट मिळतील, तो पुरवठा. एकीवर शून्य, ती अर्थिंग. तिसरीवर चाक हाताने अगदी हळू फिरवताना आकडा शून्य आणि वरच्या व्होल्टेजमध्ये उड्या मारेल, तो सिग्नल. बल्बवाला टेस्ट लॅम्प इथे वापरू नका. तो जास्त करंट ओढतो आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) खराब होऊ शकतो.

जोडण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. तयार कप्लर मिळत असेल तर तोच घ्या. नसेल तर सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. चिमटा मारून जोडायचे स्वस्त क्लिप काही महिन्यांत हिरवे पडतात. अर्थिंग सेन्सरच्याच अर्थ वायरवरून घ्या, रंगवलेल्या चॅसिसच्या बोल्टवरून नको. डबी सीटखाली ठेवा, इग्निशन कॉइल आणि प्लग वायरपासून दूर. कप्लरची तोंडं खाली ठेवा.

एक गोष्ट मेकॅनिकसुद्धा विसरतात. काही गाड्यांत हाच सिग्नल ईसीयूलाही जातो, आणि ईसीयू किंवा मीटर इंजिनचे फेरे आणि हा सिग्नल ताडून कितवा गिअर आहे ते ठरवतो. गिअरबॉक्सवरच्या सेन्सरचं हे गुणोत्तर स्प्रॉकेट बदललं तरी तेच राहतं, पण कॅलिब्रेटर मध्ये आला की बिघडतं. मग गिअरचा आकडा चुकतो किंवा कोरा राहतो. वायरिंगच्या नकाशात फाटा कुठे फुटतो ते शोधा आणि फाट्यानंतर, फक्त मीटरकडे जाणाऱ्या वायरवर कॅलिब्रेटर बसवा. गिअर मीटरच ठरवत असेल तर हा उपाय चालणार नाही. गिअर इंडिकेटर स्वतंत्र स्विचवर चालत असेल तर प्रश्नच नाही.

बसवल्यावर त्रास झाला तर

मीटर शून्यावर अडकला: कॅलिब्रेटर काढून मूळ कप्लर थेट जोडा. मीटर चालला तर दोष जोडणीत आहे. बहुतेक वेळा सिग्नलची येणारी आणि जाणारी वायर उलटी लागलेली असते, किंवा डबीला पुरवठाच पोचत नाही. तरीही बंद असेल तर सेन्सर किंवा फ्यूज तपासा.

चूक दुप्पट झाली: चिन्ह उलटं पडलंय, उणेऐवजी अधिक. काही उपकरणं टक्के मागतात, काही मीटरचा आणि खरा वेग वेगवेगळा मागतात, म्हणून सोबतचं माहितीपत्रक वाचूनच आकडा टाका.

उभ्या गाडीत वेग दिसतो, रेस केल्यावर काटा नाचतो: इग्निशनचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतोय. अर्थिंग पुन्हा बघा, वायर प्लगच्या वायरपासून हलवा आणि रेझिस्टरवाला स्पार्क प्लग आहे ना ते तपासा.

मधूनच वेग गायब होतो: हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघा, वायर ताणली जात असेल. सेन्सर काढून त्याच्या टोकावर चिकटलेला लोखंडी कीस पुसा.

गाडी धुतल्यावरच बिघडतो: कप्लरमध्ये पाणी आहे. उघडून वाळवा आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.

दोन-तीन दिवस उभी ठेवल्यावर बॅटरी उतरते: डबीचा पुरवठा कायम चालू असलेल्या वायरवरून घेतलाय. तो चावीनंतरच्या, शक्यतो सेन्सरच्याच पुरवठ्यावर हलवा.

सगळं जुळलं की ८० वर पुन्हा एकदा माप घ्या. कॅलिब्रेटर बसवल्याची तारीख, त्या वेळचा ओडोमीटर आणि लावलेले टक्के सर्व्हिस बुकात लिहा. पुढे मूळ स्प्रॉकेट परत बसवाल, तेव्हा हा आकडा शून्यावर आणायचाय हे त्या नोंदीवरूनच लक्षात येईल.