‘एलेटर’ कुठे वापरायचा, कुठे नाही

साताऱ्यात मी बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवतो. इंग्रजीत भारी शब्द घुसडायची त्यांना भलती हौस, म्हणून हे एकदा लिहूनच टाकतो.

‘एलेटर’ म्हणजे दाबलेली वस्तू परत उसळते तो गुण. सतराव्या शतकात इंग्रजीत हवेच्या या गुणाला हा शब्द लावत. शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने हवेच्या स्प्रिंगवर, म्हणजे याच उसळण्यावर, पुस्तक छापलं १६६० साली, तो हा काळ.

आज त्या अर्थाने वापरू नका. गादीबद्दल लिहायचं तर ‘स्प्रिंगी’ पुरे, फिजिक्सच्या पेपरात ‘इलॅस्टिसिटी’. तिथे ‘एलेटर’ लिहिलंत तर तपासणारा लाल रेघ मारणार, आणि मी त्याच्याच बाजूने!

बायोलॉजीत मात्र बिनधास्त वापरा. इथे तो गुण नाही, वस्तू आहे. त्यामुळे अनेकवचनही होतं. पावसाळ्यात महाबळेश्वरच्या ओल्या दरडींवर लिव्हरवर्ट ही शेवाळासारखी छोटी वनस्पती उगवते. तिची पिकलेली बीजाणूंची पिशवी मिळाली तर काचपट्टीवर सुईने फोडा. पाणी अजिबात घालू नका. मायक्रोस्कोपखाली बीजाणूंच्या गर्दीत स्प्रिंगसारखे पीळदार बारीक धागे दिसतील, तेच एलेटर. वरून तोंडाची वाफ सोडा, धागे वळवळायला लागतात. वाळताना पुन्हा पीळ बदलतो आणि बीजाणू विस्कटतात. पोरं आयपीसवरून उठत नाहीत.

उताणा पडला की ‘टक्’ करून उडणारा किडा पाहिला असेल. त्याच्या कुळाचं नाव एलेटरिडी, मूळ तेच.