यूकेचा स्किल्ड वर्कर व्हिसा: आधी आपली तारीख शोधा, मग नियम वाचा

गेल्या दोन वर्षांत यूकेच्या वर्क व्हिसाचे नियम इतक्या वेळा बदललेत की ग्रुपवर कोणी एक फॉरवर्ड टाकलं की अर्ध्या लोकांची रात्रीची झोप जाते. आणि गंमत म्हणजे ते फॉरवर्ड बऱ्याचदा खरंच असतं, फक्त ते तुमच्यासाठी नसतं. नियम सगळ्यांना सारखे लागू होत नाहीत, तुम्ही या रूटवर कधी आलात त्यावर तुम्हाला कुठला नियम लागतो ते ठरतं. म्हणून पगार किती, कोड कुठला, आयएलआर (यूकेत कायम राहण्याची परवानगी) कधी हे सगळं नंतर. आधी जुने ईमेल उघडा आणि तुमच्या पहिल्या स्किल्ड वर्कर अर्जासाठी कंपनीने सीओएस (सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, व्हिसासाठी कंपनी देते ते प्रमाणपत्र) कुठल्या तारखेला दिलं ते बघा.

आता दोन तारखा लक्षात ठेवायच्या, ४ एप्रिल २०२४ आणि २२ जुलै २०२५.

४ एप्रिल २०२४ च्या आधीचं सीओएस असेल आणि तेव्हापासून सलग स्किल्ड वर्करवरच असाल तर तुम्ही सगळ्यात सुरक्षित गटात आहात. त्या दिवशी नवीन लोकांसाठी किमान पगार २६,२०० वरून एकदम ३८,७०० पौंड झाला, पण जुन्यांना तो लागला नाही. जुन्यांसाठी आता ३१,३०० पौंड धरतात आणि कामाच्या कोडनुसार जो गोइंग रेट (त्या कामासाठी सरकारने ठरवलेला पगार) असतो तोही वेगळ्या, कमी असलेल्या तक्त्यातला. ही सवलत ४ एप्रिल २०३० पर्यंत आहे.

दोन तारखांच्या मधले जे आहेत त्यांना पगाराची ती सवलत नाही, पण कामाच्या पातळीची सवलत आहे. २२ जुलै २०२५ पासून नवीन माणसाला फक्त डिग्री पातळीचं काम, म्हणजे आरक्यूएफ ६ चालतं. त्याखालचे शंभरच्या वर प्रकार यादीतून गेले, त्यात शेफ पण गेले. केअर वर्करची बाहेरून भरती तर पूर्ण बंद. पण २२ जुलैच्या आधीपासून जे या व्हिसावर आहेत ते तेच खालच्या पातळीचं काम करत एक्स्टेन्शन घेऊ शकतात, नोकरी पण बदलू शकतात. शेफ म्हणून आधीच इथे असलेल्या कोणाला 'आता परत जावं लागणार' असं कोणी सांगत असेल तर त्याला ही तारीख दाखवा.

आणि २२ जुलै २०२५ नंतर येणाऱ्यांना सगळं नवीन. ४१,७०० पौंड किमान पगार, डिग्री पातळीचं काम, आणि ८ जानेवारी २०२६ पासून इंग्लिशची पातळी बी१ ऐवजी त्याच्या वरची बी२. डिग्रीखालच्या काही कामांसाठी टेम्पररी शॉर्टेज लिस्ट म्हणून एक यादी आहे, पण तिची मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते आणि त्या यादीतून नवीन येणाऱ्याला बायको किंवा नवरा, मुलं आणता येत नाहीत. हे घरी आधी बोला, नंतर नको.

इथे एक गोष्ट लोक विसरतात आणि मग रडतात. ही सवलत 'सलग' या एका शब्दावर उभी आहे. नोकरी गेली म्हणून घाईघाईने जोडीदाराच्या व्हिसावर डिपेंडंट झालात आणि आठ महिन्यांनी परत स्किल्ड वर्करवर आलात, तर तुम्ही नवीन माणूस. जुना पगाराचा आकडा गेला, आणि आयएलआरची पाच वर्षं पण शून्यापासून, कारण डिपेंडंटवर काढलेला काळ तुमच्या स्वतःच्या स्किल्ड वर्कर आयएलआरमध्ये धरत नाहीत. कधीकधी दुसरा पर्यायच नसतो हे मान्य, पण निदान काय सोडतोय ते माहीत असू दे.

आता पगाराचं गणित, इथे नीट लक्ष द्या कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ४१,७०० हा एक आकडा झाला. दुसरा आकडा म्हणजे तुमच्या कामाच्या चार अंकी कोडचा गोइंग रेट. दोन्हीपैकी जो जास्त तो तुम्हाला लागतो. उदाहरण घ्या, सॉफ्टवेअर डेव्हलपरचा कोड २१३४, त्याचा गोइंग रेट जुलै २०२५ च्या तक्त्यात ५४,७००. म्हणजे ४१,७०० पाठ करून आलेल्या डेव्हलपरला ४५ हजारांची ऑफर आली तर तो खूश होतो आणि अर्ज मात्र बसत नाही. त्यात अजून एक मेख आहे, तो तक्ता आठवड्याला साडेसदतीस तासांचा आहे. तुमच्या ऑफर लेटरवर ४० तास लिहिलेत? मग ५४,७०० चे ५८,३४७ होतात. मी ओळखीतल्या एकाला नुसतं एचआरला तास विचारायला लावलं, तर सगळ्यांचं काम प्रत्यक्षात साडेसदतीसच होतं, ४० कोणीतरी जुन्या टेम्प्लेटमधून चिकटवलं होतं. उलट बाजूने, पार्ट टाइम केलं तर गोइंग रेट तासांप्रमाणे कमी होतो पण ४१,७०० कमी होत नाही.

पगार म्हणजे लेखी, हमखास मिळणारा, टॅक्स कापायच्या आधीचा बेसिक. बोनस, ओव्हरटाइम, घरभाडं, जेवणाचा भत्ता हे धरत नाहीत. ऑफरमध्ये 'पॅकेज' असा शब्द दिसला की लगेच विचारा, यातलं बेसिक किती.

सव्वीसच्या आत असाल, किंवा स्टुडंट अथवा ग्रॅज्युएट व्हिसावरून (यूकेत शिकल्यावर काम करायला मिळतो तो) येत असाल तर न्यू एन्ट्रंट म्हणून सूट मिळते, किमान ३३,४०० आणि गोइंग रेटच्या ७० टक्के, दोन्हीपैकी जास्त ते. वरच्या डेव्हलपरसाठी ते ३८,२९० होतं. पण ही सूट एकूण चार वर्षं आणि त्या चारमध्ये ग्रॅज्युएट व्हिसावरची वर्षं पण मोजतात. म्हणजे दोन वर्षं ग्रॅज्युएटवर काढली तर कंपनी सवलतीच्या पगारावर दोनच वर्षं स्पॉन्सर करू शकते, त्यानंतर पूर्ण पगार द्यावा लागणार. हे मॅनेजरला सहसा माहीत नसतं, तुम्हीच सांगा, आणि पहिल्या वर्षीच सांगा. मास्टर्स करायचा विचार असलेल्यांनी हे पण टिपून ठेवा की १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच मिळणार, पीएचडीवाल्यांची तीन वर्षं तशीच.

इंग्लिशचं थोडक्यात. बी२ म्हणजे आयइएलटीएस फॉर यूकेव्हीआयमध्ये (यूकेव्हीआय म्हणजे यूकेचं व्हिसा खातं) चारही भागांत किमान ५.५. साधं आयइएलटीएस नको, यूकेव्हीआयवालंच हवं. यूकेमधली डिग्री असेल तर परीक्षा नको. भारतातली इंग्लिश माध्यमातली डिग्री असेल तर एक्टिसकडून (बाहेरच्या डिग्र्या तपासणारी यूकेतली संस्था) पत्र घ्यायचं. आणि जे आधीच बी१ वर स्किल्ड वर्कर झालेत त्यांना एक्स्टेन्शनला परत परीक्षा नाही.

पैसे कोणी भरायचे हा प्रश्न जरा नाजूक असतो, नवीन नोकरीत कोण भांडणार. पण इथे नियम स्पष्ट आहे. इमिग्रेशन स्किल्स चार्ज (बाहेरच्या माणसाला स्पॉन्सर करण्यासाठी सरकारला भरायचे पैसे) कंपनीचाच, तो तुमच्या पगारातून कापणं चालतच नाही. १६ डिसेंबर २०२५ पासून तो मोठ्या कंपनीला वर्षाला १,३२० पौंड झालाय, म्हणजे पाच वर्षांचे ६,६००, लहान कंपनीला वर्षाला ४८०. ३१ डिसेंबर २०२४ पासून सीओएसची फी पण स्किल्ड वर्करकडून वसूल करता येत नाही. त्यामुळे कोणी एजंट 'सीओएस काढून देतो, इतके लाख' म्हणाला की फोन ठेवून द्या. सीओएस ही विकत मिळणारी वस्तू नाहीये. कंपनी खरी आहे का ते बघायला होम ऑफिसची (यूकेचं गृहखातं) लायसन्स असलेल्या स्पॉन्सर्सची यादी सरकारी साइटवर फुकट बघता येते, नाव आणि ए रेटिंग दोन्ही तपासा. नाव यादीत असणं म्हणजे नोकरी खरी असणं नव्हे हे पण ध्यानात ठेवा, कागदावरची कंपनी यादीत असू शकते. प्रत्यक्ष मुलाखत झालीय का, काम काय ते कोणी नीट सांगितलंय का, हे जास्त महत्त्वाचं.

व्हिसा फी आणि हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठीचे पैसे) मात्र कंपनी तुम्हाला भरायला लावू शकते. सरचार्ज मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ आणि मुलाला ७७६, आणि तो सगळ्या वर्षांचा आधीच भरायचा. नवरा, बायको, एक मूल, पाच वर्षं म्हटलं तर १४,२३० पौंड, व्हिसा फी अजून वेगळीच. म्हणून काही जण तीन वर्षांचाच घेतात. हेल्थ अँड केअर व्हिसावाल्यांना हा सरचार्ज नाही. अर्ज नाकारला गेला तर सरचार्ज परत येतो. कंपनी भरत असेल तर ऑफर लेटरमध्ये वसुलीचं कलम शोधा, दोन वर्षांच्या आत सोडलं तर परत द्या असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं.

नोकरी बदलताना पासपोर्टवर व्हिसा शिल्लक आहे म्हणून थेट जॉइन होता येत नाही. नवीन कंपनीचं सीओएस, नवीन अर्ज, आणि तो मंजूर झाल्यावरच नवीन काम सुरू. तोपर्यंत जुन्या ठिकाणी काम चालू ठेवता येतं, त्यामुळे राजीनामा देताना नोटीस पिरियडच्या तारखा जरा सैल ठेवा.

आणि नोकरी गेलीच तर लोक लगेच साठ दिवस मोजायला लागतात, शेवटच्या दिवसापासून. तसं नाहीये. कंपनीने दहा कामाच्या दिवसांत होम ऑफिसला कळवायचं असतं, मग होम ऑफिस तुम्हाला पत्र पाठवतं आणि त्या पत्रात जी शेवटची तारीख असते ती खरी, साधारण साठ दिवसांची मुदत, व्हिसा त्याआधी संपत असेल तर तोपर्यंतच. ते पत्र ईमेलवर येतं. कुठल्या ईमेलवर? जो अर्जात दिला होता. तो ऑफिसचा असेल तर झालं कल्याण, नोकरीबरोबर तोही बंद. आजच बदला. बिनपगारी रजा पण जपून, कॅलेंडर वर्षात एकूण चार आठवड्यांच्या वर गेली तर काही अपवाद सोडता कंपनीला स्पॉन्सरशिप थांबवावी लागते. मॅटर्निटी, आजारपण असे अपवाद आहेत.

ई-व्हिसाबद्दल माझीच चूक सांगते. पासपोर्ट नवीन केला, मिरवत फोटो पण पाठवले, आणि यूकेव्हीआय अकाउंटमध्ये तो जोडायचा राहिला. परत येताना चेक-इनवाल्या मुलीला तिच्या सिस्टिमवर माझा व्हिसाच दिसेना. जुना पासपोर्ट सुदैवाने पर्समध्ये होता, शेअर कोड (आपला व्हिसा दुसऱ्याला ऑनलाइन दाखवायचा कोड) काढून दाखवला, तरी पाऊण तास बाजूला उभी. बीआरपी कार्ड (व्हिसाची प्लास्टिकची कार्ड) गेली, आता जे आहे ते ऑनलाइन, त्यामुळे पासपोर्ट हातात आला की त्याच संध्याकाळी अकाउंट अपडेट करा. शेअर कोड ९० दिवस चालतो, निघायच्या आदल्या दिवशी नवीन काढून स्क्रीनशॉट ठेवायचा.

आता आयएलआर. आतापर्यंतचा हिशोब असा की पाच वर्षं सलग, कुठल्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर नाही, लाइफ इन द यूके परीक्षा पास (२४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर हवेत), आणि त्या वेळी पगार नियमात बसतोय आणि कंपनीला अजून तुमची गरज आहे असं पत्र. ते 'कुठल्याही बारा महिन्यांत' म्हणजे जानेवारी ते डिसेंबर नव्हे, मधून कुठूनही बारा महिने उचलून मोजतात. जायचा आणि यायचा दिवस धरत नाहीत. कंपनीने ऑनसाइट पाठवलेल्यांनी एक बघा, तुमचा व्हिसा सीनियर ऑर स्पेशालिस्ट वर्करचा असेल तर तो काळ या पाच वर्षांत येत नाही. मी अशी माणसं बघितलीत की जी चार वर्षांनी हे वाचतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने जो प्रस्ताव मांडला त्यात पाचाची दहा वर्षं करायचं आहे, आणि डिग्रीखालच्या कामांना पंधरा. तीन वर्षं ५०,२७० पौंडांच्या वर कमावलं असेल तर पाच वर्षं कमी, १,२५,१४० च्या वर तर सात कमी, सी१ इंग्लिश (बी२ च्या वरची पातळी) असेल तर एक कमी. या सवलतींची बेरीज होत नाही, सगळ्यात मोठी असेल ती एकच. सरकारी मदत घेतली असेल तर उलट वर्षं वाढणार. जोडीदाराचा हिशोब पण त्याचा स्वतःचा वेगळा होणार, हे मला त्यातलं सगळ्यात जाचक वाटतं, कारण मुलांमुळे घरी थांबलेल्या बाईने ती कमाई आणायची कुठून? आणि हे आधीच इथे असलेल्यांनाही लावायचा विचार त्यात आहे. म्हणूनच अर्ज भरताना प्रस्तावावर नको, सरकारी साइटवरच्या त्या दिवशीच्या नियमांवर जा. तुमचा अर्ज ज्या दिवशी जातो तो दिवस मोजला जातो, पगाराची वर सांगितलेली सवलत सोडली तर तुम्ही यूकेमध्ये आलात त्या दिवशी काय नियम होता ते आयएलआरला कोणी विचारत नाही.

तोपर्यंत करायचं काय, तर एक फोल्डर. सगळी सीओएस, सगळ्या पेस्लिप, पी६० (वर्षभराच्या पगाराचा आणि टॅक्सचा कागद), प्रत्येक प्रवासाची तारीख एका शीटमध्ये. लाइफ इन द यूके आधीच देऊन टाका, त्या निकालाला मुदत नसते. आणि आयएलआरचा अर्ज पात्रतेच्या तारखेच्या २८ दिवस आधीपासून करता येतो, ती २८ दिवस आधीची तारीख फोनमध्ये टाका, पण घाई करून २९ दिवस आधी पाठवू नका.