फोटोतला तलाव कोणता? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी ओळखायची रीत

तलावाचा फोटो आला की बहुतेक जण आधी पाणी न्याहाळतात, आणि तिथेच फसतात. जलपर्णी येते-जाते, एप्रिलात शेवाळाने हिरवं झालेलं पाणी ऑगस्टात मातकट होतं, कठडे आणि दिवे पालिका बदलत राहते. गणपतीतला कृत्रिम हौद तर अनेक तलावांच्या काठी असतो. बघायचं ते पाण्यापलीकडे, आणि सगळ्यात आधी डोंगर.

ठाण्याच्या पश्चिमेला येऊर, खाडीपलीकडे पूर्वेला पारसिकची रांग. सूर्य डोंगराआड मावळत असेल तर तो येऊर, आणि डोंगर पाण्याला जवळजवळ टेकलेला असेल तर पहिलं नाव उपवनचं. डोंगरामागून उगवत असेल तर पारसिक. मग कळव्याचा खारेगाव तलाव किंवा नवी मुंबईतलं एखादं तळं तपासा. उगवता की मावळता हे आकाशाच्या रंगावरून सांगता येत नाही, काठावरून येतं: बंद शटर आणि चालायला आलेली मंडळी म्हणजे सकाळ, भेळेच्या गाड्या म्हणजे संध्याकाळ. इथे एक चकवा आहे. फोनचा झूम वापरला की लांबचा डोंगर काठावरच्या इमारतींना चिकटलेला दिसतो. इमारतींच्या खिडक्या ठसठशीत आणि डोंगरावरची झाडं धूसर असतील, तर मध्ये बरंच अंतर आहे.

डोंगरच नसेल तर मासुंदा आणि कचराळी आधी घ्या. मासुंद्यात, म्हणजे तलावपाळीला, होड्या असतात आणि काठावर गडकरी रंगायतन. कचराळीशेजारी महापालिकेचं मुख्यालय आणि पाण्याभोवती चालायची वाट.

फ्लेमिंगो दिसले तर ठाणे शहरातले तलाव सरळ बाद करा. भरतीत खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की हे पक्षी नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येतात, साधारण नोव्हेंबर ते मे. नवी मुंबईतली काही तळी मुळात धारण तलाव आहेत, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला केलेली, खाडीला जोडलेली. काठावर ओल्या चिखलाचा पट्टा आणि तिवरं दिसली की भरती-ओहोटीचं पाणी समजा.

सावलीवरून दिशा काढता येते, पण घड्याळाचे बारा धरू नका. ठाण्यात सूर्य डोक्यावर येतो तो साधारण साडेबारा-पाऊणच्या सुमारास. त्या वेळी सावली उत्तरेला पडते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र ती दक्षिणेला जाते (त्यातला निम्मा काळ ढगातच जातो, ते सोडा).

मग अक्षरं. दुकानाच्या पाटीवरचा पिनकोड सोन्यासारखा: ४००६०४ वागळे इस्टेट, ४००६०५ कळवा, ४००६०६ जेकेग्राम, म्हणजे उपवनची बाजू, ४००७०३ वाशी, ४००७०६ नेरुळ. गाड्यांच्या नंबरवर भिस्त नको. एमएच ०४ ठाण्याची आणि एमएच ४३ नवी मुंबईची खरी, पण दोन्ही दोन्हीकडे फिरतात; पालिकेची बस टीएमटीची (ठाण्याची) की एनएमएमटीची (नवी मुंबईची) हेही तसंच. सेल्फी असेल तर पाटी उलटी दिसतेय का बघा. आरशातल्यासारखा फोटो असला तर डोंगर चुकीच्या हाताला जातो आणि सावलीवरून काढलेली पूर्व-पश्चिम उलटते.

नाव ठरलं की पडताळा उपग्रह नकाशावर घ्यायचा. फोटोत एकामागे एक नेमक्या रेषेत आलेल्या दोन गोष्टी शोधा, समजा देवळाचा कळस आणि त्यामागच्या टॉवरचा कोपरा. नकाशावर त्या दोहोंतून रेघ ओढून काठापर्यंत आणा. अशीच दुसरी जोडी घ्या. दोन रेघा जिथे छेदतात तिथे फोटो काढणारा उभा होता. छेद पाण्याच्या मधोमध आला आणि फोटो होडीतून काढलेला नसेल, तर तलाव चुकलाय किंवा टॉवर दुसराच धरलाय. जोड्या शक्यतो काटकोनाच्या जवळ घ्या. रेघा जवळपास समांतर असल्या की केसभर चुकीने छेदबिंदू कुठल्या कुठे जातो.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की त्यातली जागेची नोंद पुसली जाते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोटो जुना असेल आणि नकाशातला टॉवर त्यात नसेल तर लगेच नाव खोडू नका: संगणकावरच्या गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रं उघडा आणि तो टॉवर कोणत्या साली उभा राहिला ते आधी बघा.